गल्ल्यावरचे यंत्र

वर्ध्याच्या बाजारात सायंकाळी कोणत्याही किराणा दुकानापुढे पाच मिनिटे उभे राहावे, म्हणजे एक आवाज पुन्हा पुन्हा कानी येतो. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करते, पुठ्ठ्यावर छापलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनावर तो धरते, आणि गल्ल्याशेजारी ठेवलेला लहानसा डबा अमुक इतके रुपये मिळाले म्हणून बोलतो. मालक मान हलवितो, नोकर पिशवी पुढे सरकवितो, आणि सौदा संपतो. पलीकडच्या कापड दुकानात हाच प्रकार कार्ड व मशीन ह्यांच्या साहाय्याने होतो. तेथे मशीनमधून कागदाची पट्टी बाहेर येते, एवढाच फरक.

ही तर कालपरवाची गोष्ट, हिचा इतिहास तो काय सांगावयाचा, असे कोणी म्हणेल. आम्ही दुकाननोकर, हमाल आणि जिनिंगमधील कामगार ह्यांच्या संघटनेत उमेद घालविली. त्या कामात आम्हांला असे दिसून आले की, पैसा हातोहात न देता देण्याची युक्ती जितकी जुनी, तितकीच तिच्याभोवतीची दोन भांडणेही जुनी आहेत. असा व्यवहार विश्वासावर चालतो आणि विश्वासाला खर्च येतो. तो खर्च कोणी सोसावयाचा, हे पहिले भांडण. व्यवहार मध्येच फिसकटला तर तोशीस कोणाला लागावयाची, हे दुसरे. पहिल्याविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. दुसऱ्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. म्हणून आज आम्ही उभे आहोत.

आरंभ आपल्याच जिल्ह्यातून करू. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध झाले, तेथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि हिंगणघाटच्या बनी कापसाला सोन्याचे दिवस आले. लिव्हरपूलच्या बाजारात हिंगणघाट हे नाव कापसाची एक जात म्हणून ओळखले जाऊ लागले. 1862 मध्ये वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि 1867 मध्ये मुंबईची आगगाडी नागपुरास पोचली. ह्या कापसाच्या खरेदीला हंगामात रोकड लागे, ती थैल्या भरून मुंबईहून आणणे धोक्याचे व खर्चाचे. तेव्हा येथला खरीददार मुंबईच्या आपल्या पेढीवर हुंडी लिही, ती येथील सावकाराला विकी आणि त्याच्याकडून नगद रुपये घेई. सावकार ती हुंडी मुंबईस पाठवून तेथे वटवी. ह्या सोयीबद्दल जी रक्कम कापली जाई तिला हुंडणावळ म्हणत. आज दुकानदार कार्डाच्या रकमेतून शेकडा काही पैसे कापले गेले म्हणून कुरकुरतो, तेव्हा आम्हांला ह्याच शब्दाची आठवण होते.

हुंडी हा नुसता कागद नव्हे, ती एक संपूर्ण व्यवस्था होती. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे द्यावयाचे, मुदती हुंडीचे ठरलेल्या दिवसांनी. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहाच्याच हाती द्यावयाचे, कोणाही उपऱ्याच्या नव्हे. हुंडी गहाळ झाली तर पेठ लिहून द्यावी, पेठही गहाळ झाली तर परपेठ. पैसे देऊन झालेली हुंडी म्हणजे खोका. 1881 साली सरकारने ह्या प्रकारच्या कागदांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांत लिहिलेल्या हुंड्यांची रूढी तशीच चालू द्यावी, असे त्याच्या पहिल्याच कलमात लिहावे लागले. महाजनांची रूढी इतकी पक्की होती! हुंडी हरवली तर काय करावयाचे, ह्याचा विचार लोकांनी आधीच करून ठेवला होता, हे ध्यानात असू द्यावे. पुढे आपल्याला ह्याचे काम पडणार आहे.

पण ही पत पेढीपेढीमधली. गाडीवर कापूस घेऊन आलेल्या कुणब्याला तीत जागा नव्हती. अडत्या व खरीददार रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव ठरवीत. माल ज्याचा तो बाजूला उभा. पट्टी हाती येई तेव्हा तीत अडत, दलाली, तोलाई, हमाली, धर्मादाय अशी एकामागून एक कपात मांडलेली असे. ही तक्रार इतकी वाढली की, वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाडात 1897 साली कापूस व धान्याच्या बाजारांसाठी समित्या नेमण्याचा कायदा झाला, आणि अलीकडे मध्यप्रांतात 1932 साली. पैशाच्या देवघेवीत मध्ये उभा राहणारा प्रत्येक जण काहीतरी कापून घेतो. ते किती, हे उघड्यावर लिहून लावावयास दोन्हीकडे कायदाच करावा लागला.

आता थोडा वेळ जिल्हा सोडून परदेशी जाणे भाग आहे. हुंडीत पेढीपेढीतला विश्वास होता, आणि दुकानाच्या गल्ल्यावरचा अविश्वास यंत्रात ओतण्याचे काम मात्र अमेरिकेत झाले. ओहायो प्रांतातील डेटन गावी जेम्स रिटी नावाचा एक दारूच्या गुत्त्याचा मालक होता. गुत्ता चांगला चाले, परंतु नोकर गल्ल्यातून पैसे उचलतात असा त्याला संशय. एकदा युरोपच्या प्रवासात जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र त्याने पाहिले, आणि पंख्याचे फेरे मोजता येतात तर गल्ल्यातील पैसे का नाही, असा विचार त्याच्या डोक्यात आला. भावाच्या मदतीने त्याने असे यंत्र बनविले. 1879 च्या नोव्हेंबरात त्याचे पेटंट मिळाले. त्याने यंत्राला नाव दिले ते ‘लाच न खाणारा खजिनदार’ अशा अर्थाचे. पुढे हा धंदा जॉन पॅटर्सन ह्याच्याकडे गेला, आणि 1884 पासून नॅशनल कॅश रजिस्टर ह्या कंपनीच्या नावाने ती यंत्रे देशोदेशी गेली. खण उघडला की घंटा वाजे. ही घंटा गिऱ्हाइकासाठी नव्हती. आत बसलेल्या मालकाला, नोकराने गल्ला उघडला आहे, हे कळावे म्हणून ती होती.

दुकानातील हिशेबाच्या यंत्राचा जन्म नोकरावरील संशयातून झाला, ही गोष्ट आम्ही प्रथम वाचली तेव्हा चमकलो. कामगार चळवळीतील माणसाला राग यावयास एवढे पुरे आहे. परंतु राग बाजूला ठेवून पाहू गेल्यास गोष्ट एकेरी नाही. यंत्र येण्यापूर्वी गल्ल्यात तूट आली की मालकाचे बोट नोकराकडे वळे आणि नोकराजवळ शपथेवाचून काही नसे. यंत्राने प्रत्येक विक्री कागदावर उमटविली, तेव्हा प्रामाणिक नोकरालाही एक साक्षीदार मिळाला. साक्षीदार चांगला की वाईट, हे साक्ष कोण घेतो ह्यावर ठरते.

कार्डाची कथा निराळ्या वाटेने आली. 1950 साली न्यूयॉर्क येथे डायनर्स क्लब निघाला. सभासदाने उपाहारगृहात कार्ड दाखवावे, बिल क्लबने भरावे, आणि त्याबद्दल उपाहारगृहाकडून शेकडा 7 कापून घ्यावे, अशी त्याची रचना होती. 1958 च्या सप्टेंबरात बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहरी 60 हजार कार्डे लोकांना न मागता टपालाने पाठवून दिली. त्याच कार्डाचे 1976 मध्ये व्हिसा असे नामकरण झाले. आपल्या देशात डायनर्स क्लब 1961 मध्ये आला आणि देशी बँकेचे पहिले क्रेडिट कार्ड सेंट्रल बँकेने 1980 मध्ये काढले. वर्ध्याच्या दुकानदाराला ह्यातले काहीही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याचे क्रेडिट कार्ड म्हणजे उधारीची लांबट वही. ती दिवाळीच्या पूजनाला बाहेर निघे आणि सरकी विकली गेली की थोडीफार कोरी होई.

मशीन कसे चालते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्यात आहे. कार्ड घातले आणि गिऱ्हाइकाने पिन दाबला की, मशीन ज्या बँकेने दिले त्या बँकेकडे निरोप जातो. ती बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा आपले रुपे ह्यांच्या जाळ्यातून तो निरोप गिऱ्हाइकाच्या बँकेकडे पाठविते. तेथे शिल्लक पाहून रक्कम बाजूला काढली जाते, होकार उलट वाटेने परत येतो, आणि पट्टी छापली जाते. दुकानदाराच्या खात्यात पैसे बहुधा दुसऱ्या दिवशी पडतात. होकार आणि पैसे ह्या दोन गोष्टी वेगळ्या, त्यांच्यामध्ये एक रात्र आहे, आणि तीन-चार संस्थांचे हात आहेत. हे सर्व हात आपापला वाटा दुकानदाराच्या रकमेतून कापून घेतात. त्या एकूण कपातीला एमडीआर म्हणतात. शिवाय मशीनचे मासिक भाडे वेगळे. लोक आजही ह्याला स्वाइप मशीनच म्हणतात. वस्तुतः काळी पट्टी घासण्याचे दिवस गेले. डेबिट कार्डाला दुकानात पिन दाबणे 1 डिसेंबर 2013 पासून सक्तीचे झाले आणि 2018 च्या अखेरपर्यंत जुनी कार्डे बदलून चिपची कार्डे देण्याचा हुकूम निघाला. भाषा यंत्राच्या मागून सावकाश चालते, ह्याचा हा एक नमुना.

खर्चाचे भांडण रिझर्व्ह बँकेच्या दप्तरात नीट पाहावयास मिळते. 2012 च्या सप्टेंबरपासून डेबिट कार्डावर 2 हजारांपर्यंतच्या खरेदीला शेकडा पाऊण रुपया आणि त्यावर शेकडा 1 रुपया, ह्याहून अधिक कापू नये, असे ठरले. तेलाच्या पिंपावर आणि साखरेच्या पोत्यावर ज्याची दुकानदारी चालते, त्याला 2 हजारांच्या बिलामागे 15 रुपये म्हणजे हातचा घास. साहजिकच वर्धा, आर्वी, पुलगाव येथील किराणा दुकानदार मशीनच्या वाटेला गेला नाही. मशीन दिसे ते सराफाकडे, मोठ्या कापड दुकानात, फार तर पेट्रोल पंपावर.

आणि मग 8 नोव्हेंबर 2016 ची रात्र आली. पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. चलनातील रकमेपैकी शेकडा 86 भाग त्या नोटांत होता. आपल्या जिल्ह्यात ते दिवस कापूस वेचणीचे. वेचणारणीला किलोमागे जी मजुरी मिळते ती त्या दिवशी किंवा आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी मिळाली नाही, तर चूल पेटत नाही. तिला द्यावयास शेतकऱ्याजवळ सुटे नाहीत, शेतकऱ्याला द्यावयास व्यापाऱ्याजवळ नोटा नाहीत, आणि व्यापाऱ्याचा धनादेश घेऊन शेतकरी बँकेच्या रांगेत. त्या पंधरवड्यात मशीनची मागणी एकाएकी अशी वाढली की बँकांजवळ देण्यास मशीनच उरले नाही. 1 डिसेंबर 2016 रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातले धसई हे राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. तेथील लहान दुकानदारांना बँकेने मशीन दिले होते. 30 डिसेंबरला भीम हे मोबाइलवरचे साधन निघाले. 14 एप्रिल 2017 रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीला, नागपुरात पंतप्रधानांच्या उपस्थितीत अंगठ्याच्या ठशावर दुकानात पैसे देण्याची पद्धत सुरू झाली. रुपयाच्या प्रश्नावर 1923 साली ग्रंथ लिहिणाऱ्या आणि मजूर पक्ष काढणाऱ्या पुरुषाचे नाव ह्या साधनाला दिले गेले, ह्याचे आम्हांला समाधान वाटले. ग्रंथ किती जणांनी उघडून पाहिला, ते मात्र विचारू नये.

त्या दिवसांत सभांमधून ‘रोकडमुक्त’ हा शब्द फार ऐकू येई. तेव्हा पवनारचा एक वृद्ध गृहस्थ आमच्याशी बोलताना हसून म्हणाला होता की, आमच्या गावाने ह्याच्या पुष्कळ पुढचे पाहिलेले आहे. त्याचे म्हणणे खरे होते. सेवाग्रामच्या परिसरात 1945 साली चरखा संघाने असा नियम केला होता की, खादी घेणाऱ्याने किमतीचा काही भाग पैशात न देता स्वतः कातलेल्या सुतात द्यावा. सूत हेच नाणे! पुढे 1950 च्या आरंभी विनोबांनी पवनारच्या परमधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. बाहेरून पैसा घ्यावयाचा नाही, जमीन हाताने खणावयाची, आपले अन्नवस्त्र आपण काढावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. 1951 च्या मार्चमध्ये विनोबा पायी शिवरामपल्लीकडे निघाले आणि एप्रिलमध्ये पोचमपल्लीस भूदान सुरू झाले. प्रयोगाला त्यांचा सहवास जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष लाभला. तो प्रयोग व्यवहारात टिकण्यासारखा होता असे आम्ही म्हणत नाही. संघटनेच्या माणसाला पगाराचा आकडा हवा असतो, सुताची गुंडी नव्हे. परंतु दोन शब्दांतला भेद पाहण्यासारखा आहे. कांचनमुक्तीत मधला माणूस जातो. रोकडमुक्तीत नोट तेवढी जाते, आणि मधली माणसे वाढतात.

पुढचा पल्ला झपाट्याने सांगतो. 1 जानेवारी 2018 पासून 20 लाखांच्या आतील उलाढालीच्या दुकानदारावर डेबिट कार्डाचा बोजा मशीनवर शेकडा 40 पैसे आणि क्यूआर कोडवर 30 पैसे ह्याहून अधिक नसावा असे ठरले. 1 जानेवारी 2020 पासून रुपे डेबिट कार्ड व यूपीआय ह्यांवरचा एमडीआर शून्य झाला. 2021 पासून रिझर्व्ह बँकेने लहान गावांत मशीन पोचविण्यासाठी निधी काढला. त्याचा रोख 50 हजारांखालील लोकवस्तीवर होता, म्हणजे आर्वी, पुलगाव, देवळी त्यात येत. वर्धा व हिंगणघाट ही 2011 च्या जनगणनेत लाखावर गेल्याने त्या हिशेबात बसत नव्हती. परंतु खरी क्रांती केली ती पुठ्ठ्यावरच्या चौकोनाने. हा चौकोन 1994 मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघाला. कारखान्याच्या फडताळावरून तो बजाज चौकातल्या चहाच्या टपरीवर येऊन बसला आहे. त्याला भाडे नाही, वीज नाही, कागदाची पट्टी नाही.

शून्य म्हणजे फुकट नव्हे, हे मात्र सांगितले पाहिजे. खर्च जातो कोठे? काही बँका सोसतात, काही बोलक्या डब्याच्या मासिक भाड्यात वसूल होतो, आणि काही सरकारी तिजोरीतून येतो. लहान दुकानदारांच्या 2 हजारांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांमागे बँकांना शेकडा 15 पैसे द्यावयाचे म्हणून केंद्र सरकारने 2024-25 सालासाठी 1,500 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. हुंडणावळ अशी दुकानदाराच्या माथ्यावरून उतरून करदात्याच्या माथ्यावर बसली. आमच्या मते हा बदल वाईट नाही. रस्त्याचा खर्च सर्वांनी द्यावा, तसा हाही द्यावा. फक्त तो आहे, हे लोकांना कळले पाहिजे.

येथवर पहिले भांडण झाले. दुसऱ्याकडे वळण्यापूर्वी एका कागदाची हकीगत सांगतो. लहान दुकानदार मशीनसाठी किंवा चालू खात्यासाठी बँकेत गेला की त्याला पहिला प्रश्न येई तो, ‘गुमास्ता आहे का?’ एकदा आमच्याबरोबर असलेला एक नोकर भाबडेपणाने म्हणाला, “आहे ना साहेब, मीच की तो!” बँकेतले सारे हसले. पण त्याचे उत्तर बरोबर होते. दुकानातील नोकरांचे तास, सुटी व रजा ठरविणारा देशातील पहिला कायदा मुंबई प्रांतात 1939 साली झाला. त्याच्या जागी 1948 चा मोठा कायदा आला, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर तो आपल्या विदर्भालाही लागू झाला. गुमास्त्यासाठी केलेला कायदा म्हणून लोकांनी त्याला गुमास्ता कायदा म्हटले. दुकानाची नोंदणी त्यात सक्तीची, ती एवढ्यासाठी की निरीक्षकाला दुकान कोठे आहे व नोकर किती आहेत हे कळावे. हळूहळू नोंदणीचा कागद बँकेच्या कामाचा झाला, भिंतीवर चौकटीत लागला, आणि ज्याच्यासाठी तो निघाला तो नोकर चौकटीबाहेर राहिला. 2017 च्या नव्या कायद्याने तर दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी केवळ सूचना पुरेशी ठरविली. वर्ध्याच्या बाजारात दहा माणसे असलेली दुकाने बोटांवर मोजावी.

आता त्या रात्रीची गोष्ट. 2019 ची दिवाळी होती. जिल्ह्यातील एका कापड दुकानात गल्ल्यावर बसणारा विशीतला एक मुलगा आमच्याकडे आला. गर्दीच्या वेळी बाहेरगावच्या एका गिऱ्हाइकाने 3,240 रुपयांचे कापड घेतले, कार्ड घातले, पिन दाबला. मशीन बराच वेळ फिरत राहिले आणि शेवटी व्यवहार अपुरा राहिल्याची पट्टी आली. तेवढ्यात गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर खात्यातून पैसे वजा झाल्याचा संदेश आला. गिऱ्हाइकाने तो दाखविला. रांग मागे उभी होती, मालक वरच्या मजल्यावर होता. मुलाने संदेशावर विश्वास ठेवून माल दिला. रात्री मशीनचा मेळ काढला तेव्हा ती रक्कम त्यात नव्हती. मालकाने दोन महिन्यांच्या पगारातून ती निम्मी निम्मी कापावयाचे ठरविले, आणि पहिला हप्ता कापलाही.

आम्ही रिझर्व्ह बँकेचे 20 सप्टेंबर 2019 चे परिपत्रक मिळविले. आमचे इंग्रजी शाळेतले नव्हे, कायद्याच्या पुस्तकांतून व शब्दकोशातून आलेले; तेव्हा ते समजावयास दोन रात्री लागल्या. दुकानात असे घडले, खात्यातून पैसे गेले पण दुकानास होकार मिळाला नाही, तर काय करावे ते त्यात स्पष्ट लिहिले होते. व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप गिऱ्हाइकाच्या खात्यात परत जावेत, आणि न गेल्यास पुढच्या प्रत्येक दिवसामागे 100 रुपये त्याला भरपाई म्हणून मिळावेत. नियम चांगला आहे, आम्ही त्याला नावे ठेवीत नाही. त्यात गिऱ्हाईक आहे, त्याची बँक आहे, मशीनवाली बँक आहे, जाळे आहे. पैसे परत गेल्यावर जो माल दुकानातून गेलेला असेल त्याची तोशीस कोणाला, ह्याबद्दल त्यात शब्द नाही, आणि गल्ल्यावर उभ्या असलेल्या माणसाचे तर नावही नाही. हुंडी गहाळ झाली तर पेठ, पेठ गहाळ झाली तर परपेठ; महाजनांनी आपल्यापुरता विचार अखेरपर्यंत नेला होता. त्यांच्याही रूढीत गुमास्त्याचे नाव नव्हते, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

मालकाशी आम्ही भांडलो ते निराळ्या आधारावर. 1936 च्या वेतन कायद्यात, नोकराच्या हयगयीमुळे पैशाचे नुकसान झाले असेल तरच कपात करावी, आणि त्यापूर्वी त्याला कारण दाखविण्याची संधी द्यावी, असे होते. (तो कायदा आता वेतनसंहितेत विलीन झाला असून ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली आहे.) मशीनने दोन तोंडांनी दोन गोष्टी सांगाव्यात, आणि त्यांतली खोटी कोणती हे विशीच्या पोराने रांगेसमोर क्षणात ओळखावे, नाही तर पगार गमवावा, ही हयगय कोणाची? मालक वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, “दादा, माझंही नुकसान झालंच आहे की. बँक म्हणते पैसे आलेच नाहीत, मग मी कुणाला कापू?” त्याच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि परिपत्रकातही नव्हते. पण ज्याची मिळकत दुकानाएवढी त्याचे नुकसान आणि ज्याची मिळकत महिन्याच्या पगाराएवढी त्याचे नुकसान, ही एका तराजूत कशी घालावयाची, एवढे आम्ही त्याला विचारले. त्यावर तो बराच वेळ गप्प बसला.

शेवटी बिलावरच्या क्रमांकावरून गिऱ्हाइकाचा पत्ता लागला. पैसे चौथ्याच दिवशी त्याच्या खात्यात परत आले होते. त्याच्या ध्यानात नव्हते, किंवा होते, कोण जाणे. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो येऊन नगद पैसे देऊन गेला. मालकाने कापलेला हप्ता मुलाच्या हातावर ठेवला. कपातीची नोंद हजेरीपत्रकात कोठे नव्हती, त्यामुळे परतफेडीचीही झाली नाही.

तो मुलगा आज नोकरीत नाही. त्याने बसस्थानकाजवळ रुमाल-टॉवेलची गाडी लावली आहे. गाडीवर क्यूआर कोडचा पुठ्ठा आहे, बोलका डबाही आहे. गेल्या महिन्यात आम्ही त्याच्याकडून दोन पंचे घेतले आणि मोबाइलवरून पैसे दिले. डबा मोठ्याने बोलला. मुलाने ते ऐकले, स्वतःच्या मोबाइलवर खात्यात पैसे पडल्याचे पाहिले, मग गाडीखालून शाळेची एक चौरेघी वही काढली, तीत वेळ आणि रक्कम लिहिली, आणि तेव्हा कोठे पंचे आमच्या हाती दिले.